देवांची यादी कोणाकडे आहे?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल्पनिक मालिकांमध्ये देवांना खलनायक म्हणून दाखवावे की नाही, या विषयावर आपल्या दैनिकात गेले काही दिवस जी पत्रे प्रसिद्ध होत आहेत, ती मी आवर्जून वाचतो आहे. बहुतेक पत्रलेखक शहरांतील आहेत, आणि एकाने श्रद्धेची बाजू घेतली की दुसऱ्याने स्वातंत्र्याची घ्यायची, असा तो फड रंगला आहे. मी मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील एका गावात गेली एकवीस वर्षे केबलचा व्यवसाय करतो. एके काळी आमच्या गावात आणि आजूबाजूच्या तीन खेड्यांत मिळून सहाशेवर जोडण्या होत्या. मोबाइलने निम्म्या खाल्ल्या, उरलेल्या अजून आहेत. मालिका मी लिहीत नाही आणि कोणती दाखवावी हेही ठरवत नाही. परंतु मालिकेत देवाचे काही वावगे दिसले, तर आमच्या भागातला माणूस मुंबईला जात नाही, माझ्या दारात येऊन उभा राहतो. म्हणून हे पत्र.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या रात्री, साडेनऊच्या सुमारास, गावातील सहा तरुण माझ्या कंट्रोल रूमवर आले. एका पौराणिक मालिकेत जालंधर आणि वृंदेची कथा सुरू होती आणि त्या दिवशीच्या भागात विष्णू जालंधराचे रूप घेऊन वृंदेच्या महालात शिरतो असे दाखवले होते. मुले संतापलेली होती. "काका, थो चॅनल आत्ताच्या आत्ता बंद करा, नाही तं आमी वायरच काढतो," असे त्यांतील पुढच्याने सांगितले. (या मुलाच्या घरचे दोन महिन्यांचे बिल अजून बाकी आहे, पण तो विषय मी काढला नाही.) मी त्यांना आत बसवून यंत्रे दाखवली. पूर्वी, ॲनालॉगच्या काळात, प्रत्येक वाहिनीसाठी वेगळा मॉड्युलेटर असे आणि त्याची पिन उपसली की ती वाहिनी गावभर बंद पडत असे. खेड्यांतील ॲनालॉग प्रक्षेपण २०१७ च्या मार्चअखेर संपले. आता वरच्या मोठ्या कंपनीकडून कुलूपबंद सिग्नल येतो, त्याची किल्ली घराघरांतल्या सेट-टॉप बॉक्समध्ये असते, आणि माझ्या खोलीत राहिले आहेत फक्त फायबरचा नोड, ॲम्प्लिफायर आणि इन्व्हर्टरची बॅटरी. मी वायर काढली तर तीनशे घरांतील सगळ्याच वाहिन्या जातील, एकटा विष्णू जाणार नाही.

तेवढ्यात आमच्या भजनी मंडळात मृदंग वाजवणारे एक वयस्कर गृहस्थ आले होते, त्यांनी मुलांना विचारले, "अरे पोरहो, उद्या तुळशीचं लगन हाय नं? थे काऊन लावतेत, ठाऊक हाय का?" आणि मग त्यांनी आपल्या आजीकडून ऐकलेली कथा तिथेच सांगितली: वृंदेच्या पातिव्रत्यामुळे जालंधर मरेना, देव हरले, तेव्हा विष्णूने तिच्या नवऱ्याचे सोंग घेतले, तिचे व्रत मोडले, आणि कपट कळताच तिने देवाला "तू दगड होशील" असा शाप दिला. देवाने तो शाप डोक्यावर घेतला. तो शाळिग्राम झाला, ती तुळस झाली, आणि दर कार्तिकात आपण तिचे लग्न त्याच दगडाशी लावतो. म्हणजे ज्या कथेसाठी मुले वायर काढायला निघाली होती, तिचाच मंडप दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याच अंगणात उसाच्या खोपटाखाली उभा राहणार होता.

गोष्ट इथे संपली असती तर मी पत्र लिहिले नसते. त्या मुलांपैकी एक जण, जो एरवी फारसा बोलत नाही, म्हणाला, "आजोबा, कथा आमाले बी ठाऊक हाय. पण त्याचा चेहरा पाह्यला का तुमी?"

रात्री साडेअकराला तो भाग पुन्हा लागला तेव्हा मी तो मुद्दाम पाहिला. मुलाचे म्हणणे खरे होते. देव दारातून आत येतो तेव्हा पडद्यावर लाल उजेड पडतो, त्याच्या अर्ध्या हसण्यावर कॅमेरा एकदा, दोनदा, तीनदा जातो, प्रत्येक वेळी तोच 'ढॅण' असा आवाज होतो, आणि वीज चमकते. सासूच्या दुधात विष कालवणारी जाऊ दाखवण्यासाठी जे तंत्र वापरतात, तेच इथे जसेच्या तसे वापरले होते. परंतु मला अधिक खटकले ते पुढचे. वृंदेला सगळे कळते त्या क्षणी तिला एकच वाक्य दिले होते, आणि शाप 'उद्या' म्हणून राखून ठेवला होता. मध्ये साबणाची जाहिरात. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाहिले. शाप चार सेकंदांत उरकला आणि मालिका दुसऱ्याच युद्धाकडे वळली. आजीच्या कथेत शाप हाच गाभा होता, तिथे बायका डोळ्यांना पदर लावीत असत. मालिकेत कपट हा गाभा झाला आणि जिच्यावर अन्याय झाला ती बाजूला पडली.

देवाकडून चूक होते, देव कपट करतो, देव हट्टी असतो, हे आपल्याकडे कोणी लपवलेले नाही. जनाबाईने आपल्या देवाला 'विठ्या' म्हणून शिव्या घातल्या आणि वारकऱ्यांनी त्या शिव्या अभंग म्हणून जपल्या. तुकोबा तर 'माझे लेखी देव मेला' इथपर्यंत गेले, आणि त्यांना देहूकरांनी त्रास दिला असला तरी तो या ओळीसाठी नव्हे. अहल्येच्या गोष्टीत इंद्र कोण आहे, हे शाळेतल्या पोरालाही कळते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरच्या बायका 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' म्हणून ओवाळतात, आणि बळीचे राज्य येवो असे म्हणताना ते राज्य कोणी घेतले याचा निवाडा त्या नकळत करून टाकतात. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त वामनाचा कपटी आक्रमक म्हणून उघड उघड पंचनामा केला, तो त्याच ओवाळणीचा पुढचा अर्थ होता असे मला वाटते. तेव्हा देवाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे ही परकी आयात आहे, असे जे एका पत्रलेखकाने लिहिले आहे, ते आमच्या गावातल्या अंगणात टिकत नाही. मात्र या सगळ्या ठिकाणी बोलणारा माणूस त्या देवाचाच असतो, सांगतानाच ऐकणाऱ्याला उत्तर देण्यास बांधलेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच गावात तोंड दाखवायचे असते. लहानपणी आमच्याकडे दंडार, म्हणजे गावकऱ्यांनीच सोंगे घेऊन करायचे लोकनाट्य, व्हायची. तिच्यात कृष्णाचे सोंग घेतलेला आमचाच शेजारी जर जास्त वाह्यातपणा करू लागला, तर समोर बसलेली त्याची चुलती त्याला भर प्रयोगात "बस झालं आता" म्हणत असे आणि तो सोंग आवरत असे. टीव्हीच्या काचेवर ओरडून काही उपयोग होत नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाचा नमुना अमेरिकेतला आहे. तिथल्या 'सुपरनॅचरल' नावाच्या मालिकेत २०१० साली एक भाग दाखवला गेला, ज्यात गणेश आणि काली यांच्यासह निरनिराळ्या धर्मांचे देव एका हॉटेलात जमतात, तिथल्या स्वयंपाकघरात माणसांचे मांस शिजत असते, आणि पुढे सैतान त्यांतील बहुतेकांना, गणेशालाही, ठार करतो. यात गणेशाची कोणतीही कथा नाही, त्याच्या रागालोभाची चर्चा नाही, त्याच्या भक्तांशी काही भांडणही नाही. राक्षस हवे होते, ते दुकानातल्या फळीवरून काढावेत तसे दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यातून काढून आणले, इतकेच. जो देव आजही कोणाच्या तरी चुलीजवळ पुजला जातो, त्याला त्याच्या कथेतून उपटून नुसता मारायचा राक्षस म्हणून वापरणे मला वाईट वाटते, आणि ते वाटण्यासाठी मला कोणत्याही संघटनेचे सदस्य व्हावे लागत नाही.

परंतु इथेच मला माझ्या शहाण्या मित्रांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. 'देवांना खलनायक दाखवू नका' असे म्हणताना देवांची यादी कोणी केली आहे आणि ती कुठे पाहायला मिळते?

इंद्र त्या यादीत आहे का? पौराणिक मालिकांचा गेल्या काही वर्षांचा कोणताही संच काढून पाहावा. ज्याला रोज संध्याकाळी काहीतरी कारस्थान करायचे असते, जो सिंहासन जाण्याच्या भीतीने घामाघूम झालेला असतो, तो बहुतेक वेळा इंद्रच असतो. वेदांमधला हा मोठा देव टीव्हीवर पगारी खलनायक झाला आहे, आणि त्यासाठी एकही तरुण आजवर माझी वायर काढायला आलेला नाही, कारण आमच्या गावात इंद्राचे देऊळ नाही, त्याची यात्रा भरत नाही आणि त्याच्या नावाने वर्गणी निघत नाही.

मग रावणाचे काय? आमच्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातील सांगोळा या गावात रावणाची दहा तोंडांची काळ्या दगडाची मूर्ती आहे आणि गाव तिची पूजा करते; दसऱ्याला बाकी देश रावण जाळत असताना तिथे आरती होते. आमच्या डोक्यावरच्या डोंगरात, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत, कोरकू आदिवासी होळीच्या दिवसांत उंच लाकडी खांब उभा करून मेघनाथाची यात्रा भरवतात, आणि हा मेघनाथ म्हणजे रावणाचा मुलगा असे ते मानतात. कोरकूंची उत्पत्तिकथा तर मी लग्नाआधीपासून ऐकत आलो आहे, आणि ती रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरच्या १९१६ च्या ग्रंथातही नोंदलेली आहे. सातपुडा ओसाड पाहून रावणाने महादेवाकडे माणसे मागितली; महादेवाने कागेश्वर कावळ्याला माती शोधायला धाडले आणि वारुळाच्या लाल मातीच्या दोन बाहुल्या केल्या; त्यांच्यात जीव येण्याआधीच इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडवून टाकल्या; मग महादेवाने कुत्रा घडवला, त्याने घोडे हाकलले, आणि तेव्हा कुठे मुला आणि मुलाई ही पहिली जोडी उभी राहिली. या कथेत रावण हा विनंती करणारा आहे, महादेव हा घडवणारा आहे, आणि खलनायक कोणी असेल तर तो इंद्र आहे. अयोध्येच्या बाजूने पाहणाऱ्याला ही यादी उलटी वाटेल. आमच्या तालुक्यात मात्र दोन्ही याद्या एकाच बाजाराच्या दिवशी एकमेकींना घासून जातात.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. कार्तिकात आंबिया बहाराच्या संत्र्याची तोड चालू असते आणि डोंगरातून कोरकू कुटुंबे मजुरीसाठी खाली येतात. तुळशीच्या लग्नानंतर चार-पाच दिवसांनी एका बगीचेवाल्याचा बॉक्स बिघडला म्हणून मी त्याच्या घरी गेलो होतो. ओसरीवर दहा-बारा मजूर बाया-माणसे हिशेबासाठी बसली होती, क्रेट एकावर एक रचलेले होते, आणि बॉक्स सुरू होताच जी वाहिनी लागली तिच्यावर एका जुन्या मालिकेचे पुनःप्रसारण चालू होते. इंद्रजित, म्हणजे मेघनाथच, काळाकुट्ट रंगवलेला, डोक्याला शिंगे, दात पुढे काढलेले, आणि निकुंभिलेच्या यज्ञात तो हाडे टाकतो आहे. एका म्हाताऱ्या बाईने बगीचेवाल्याच्या सुनेला विचारले, "ये मेघनाथ है ना?" सून म्हणाली, "हो, राक्षस." म्हातारीने मान हलवली, पदराच्या गाठीतून तंबाखू काढली आणि खांबाला पाठ लावून दुसरीकडे तोंड करून बसली. कोणी काही बोलले नाही. बगीचेवाला चांगला माणूस आहे, त्याच्या हे लक्षातही आले नाही. खरे सांगायचे तर एकवीस वर्षे हीच दृश्ये घराघरांत पोहोचवताना माझ्याही कधी लक्षात आले नव्हते.

'पटत नसेल तर रिमोट दाबा' असे सांगणाऱ्या पत्रलेखकांनी त्या ओसरीवर एकदा येऊन बसावे. तिथे टीव्ही एक होता, माणसे चौदा होती आणि रिमोट सुनेच्या हातात होता.

रावण दाखवायचाच नाही, असे मी म्हणत नाही. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झाले, तेव्हा आमच्या गावात टीव्ही दोनच होते, आणि रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीसमोर चपला काढून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यात रावण खलनायकच होता, पण तो विद्वान होता, शिवभक्त होता, त्याचे बोलणे ऐकावेसे वाटे. ती भूमिका करणारे अरविंद त्रिवेदी १९९१ साली गुजरातमधील साबरकांठ्यातून लोकसभेवर निवडून गेले, यावरून लोकांनी त्या रावणाला किती मान दिला ते दिसते. ज्याला स्वतःचे म्हणणे मांडू दिले जाते असा खलनायक आणि शिंगे लावलेला खलनायक यांत फरक आहे. देवाला खलनायक करतानाही हाच फरक लागू पडतो, आणि वृंदेच्या मालिकेचे नेमके इथेच बिघडले.

आता कायद्याविषयी थोडेसे, कारण त्याबद्दल पत्रांतून बरेच चुकीचे छापून आले आहे. मालिकांना चित्रपटासारखे आधी सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा १९९५ चा आहे आणि त्याच्या नियमावलीतील सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता आहे. धर्मांवर किंवा समाजांवर हल्ला करणारे, धार्मिक गटांची अवहेलना करणारे दृश्य वा शब्द तिच्यात निषिद्ध आहेत. कोणते धार्मिक गट, ते तिथे लिहिलेले नाही, म्हणजे कोरकूही त्यात आले. (त्याच नियमात अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रमही निषिद्ध आहेत. ते कलम मात्र माझ्या दारात आजवर कोणी घेऊन आलेले नाही, आणि रात्री बाराला ताईत विकणाऱ्या वाहिन्या सुखाने चालू आहेत.) फौजदारी कायद्यात १९२७ पासून भारतीय दंड संहितेचे (भादंवि) कलम २९५-अ होते, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे २९९ आले आहे, दोन्हींत 'हेतुपुरस्सर आणि दुष्ट हेतूने' केलेला अपमान हाच गुन्हा आहे, आणि अनवधानाने किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच सांगून ठेवले आहे. प्रत्येक वाईट दृश्यासाठी पोलीस ठाण्यात धाव घेणे म्हणूनच मला पटत नाही. ते कायद्यात बसत नाही, आणि एकदा ती सवय लागली की उद्या भजनातल्या जनाबाईवरही कोणी तरी तक्रार घेऊन जाईल.

दुसरी वाट आहे, पण ती कोणाला माहीत नाही. २०२१ च्या जूनमध्ये केबलच्या नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार प्रेक्षकाने थेट वाहिनीकडे लेखी तक्रार केली तर वाहिनीने चोवीस तासांत पोच द्यावी लागते आणि पंधरा दिवसांत निर्णय कळवावा लागतो. तो न पटल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे आणि तिच्याही वर केंद्र सरकारकडे जाता येते. मनोरंजन वाहिन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी अशी परिषद २०११ पासून आहे. मालिकेच्या वेळी पडद्याच्या तळाशी तिच्या पत्त्याची पट्टी धावते, आणि ती पट्टी मी आजवर कोणालाही वाचताना पाहिलेले नाही.

त्या रात्री मी मुलांना म्हणालो की वायर राहू द्या, तक्रार लिहू. कागद माझा, अक्षर माझे, मजकूर त्यांचा. पहिल्या मसुद्यात 'वाहिनी कायमची बंद करावी' असे होते. मृदंगवाल्या आजोबांनी ते खोडायला लावले. दुसऱ्या दिवशी मंडप आवरल्यावर मी त्यात एक वाक्य घालावे का, असे त्यांना विचारले, ते असे की वृंदेचा शाप पूर्ण दाखवावा. त्यावर बरीच वादावादी झाली, दोघांना ते पटले नाही, परंतु अखेर ते वाक्य राहिले आणि सहाही जणांनी सह्या केल्या. बगीच्यातून परतल्यावर मी आणखी एक तक्रार लिहिली, ती इंद्रजिताच्या शिंगांविषयी, दुसऱ्या वाहिनीला. ती माझ्या एकट्याच्या सहीने गेली आहे, कारण त्या म्हातारीचे नाव मी विचारले नव्हते आणि तोवर ती मंडळी दुसऱ्या बगीच्यावर गेली होती.

दोन्ही वाहिन्यांकडून पोच आली आहे. पहिल्या तक्रारीचे पंधरा दिवस येत्या मंगळवारी भरतात, दुसरीचे त्यानंतरच्या रविवारी. निर्णय आल्यास आपल्या वाचकांना कळवीन.

कळावे,
आपला नम्र,
एक केबल चालक, तालुका अचलपूर, जिल्हा अमरावती
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)